कुंदा शेलार गप्प बसली होती

कुंदे, तू अजातशत्रू होतीस हे मला तू गेल्यावर कळलं.

आपल्या दहावीच्या ग्रुपवर पाठारेने तसं लिहिलं आणि खाली एकोणतीस जणांनी हात जोडले. त्यात शुभाही होती, जिच्या चपलेत तू सातवीत शेण भरलं होतंस. 'सर्वांना जीव लावणारी आपली कुंदा' असं कुणीतरी लिहिलं. 'तिने कधी कुणाला दुखावलं नाही' असं आणखी एकाने. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. दुसरीच कुणी कुंदा गेली असावी, अशी क्षणभर आशाही वाटून गेली.

पण तूच होतीस. मंगळवारी सकाळी, कणकेची दुसरी परात भिजवून झाल्यावर, तू सुनेला म्हणालीस, 'जरा बसते गं.' तिथेच तिला धस्स झालं म्हणे. तू स्वतः कधी बसायची नाहीस आणि दुसऱ्याला बसू द्यायची नाहीस. ती पाणी आणेपर्यंत सगळं संपलं होतं. मला तिने फोन केला तेव्हा मी घेवडा निवडत होते. त्या दिवशी मी खूप रडले, हे तुला आधी सांगून ठेवते, कारण पुढे मी जे लिहिणार आहे त्यावरून तसं वाटणार नाही.

पाचवी ते सातवी अशी तीन वर्षं तू माझा छळ केलास. माझी वेणी बाकाच्या खिळ्याला बांधून तू 'बाई आल्या!' म्हणून ओरडायचीस. मी उठले की बाकही उठायचं. माझ्या डब्यातली लिंबाच्या लोणच्याची फोड तू रोज मधल्या सुट्टीच्या आधीच खायचीस. पोळीला हात लावायची नाहीस, वर निरोप द्यायचीस, 'तुझ्या आईला सांग, मीठ कमी पडतंय.' शाळेच्या फाटकापासून मानपाड्याकडच्या विहिरीपर्यंत तू मला लंगडी घालायला लावायचीस. तेव्हा त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी भातशेती होती, त्यामुळे मी कुठेही कोसळले तरी लागत नसे, फक्त चिखल होत असे. एकदा तू मला भूगोलाच्या खोलीतल्या नकाशांच्या कपाटात कोंडलंस. शिपायाने दार उघडलं तेव्हा आख्खा आशिया खंड माझ्या डोक्यावर पडलेला होता. अजूनही कुणी आशियाचं नाव काढलं की मला शिंक येते.

मीच का, असं मी तुला पुढे कधीतरी विचारलं होतं. तेव्हा आपण दोघी चाळिशी ओलांडलेल्या. तू जराही न लाजता सांगितलंस, 'तू लगेच रडायचीस गं. बाकीच्यांना फार वेळ लागायचा.'

माझ्याकडे तुझ्यासारखी ताकद नव्हती. पण माझ्याकडे खडू होता. मी वर्गाची मॉनिटर होते. लेले बाई वर्गाबाहेर गेल्या की मी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकट आखायचे आणि वर लिहायचे, 'बोलणाऱ्या मुली'. जी बोलेल तिचं नाव. पुन्हा बोलली की नावापुढे फुली. तुझं नाव रोज असायचं. तुझ्या फुल्या चौकटीबाहेर जायच्या, म्हणून मी तुझ्यासाठी चौकट लांब आखायला सुरुवात केली. पुढे पुढे तर बाई दाराबाहेर पडायच्या आधीच मी 'कुं' लिहून ठेवायचे, तेवढाच वेळ वाचायचा. माझं अक्षर फार सुंदर होतं. तुझं नाव मी जितकं सुंदर लिहिलं तितकं माझं स्वतःचंही कधी लिहिलं नाही.

सातवीनंतर तू दुसऱ्या तुकडीत गेलीस, मग दहावी झाली, मग आपापली लग्नं. मी एका कॉलेजच्या ऑफिसात लागले. तुझ्याबद्दल मी नवऱ्याला सांगितलं, मुलांना सांगितलं, ऑफिसात डबा खाताना सांगितलं. लोणच्याची फोड, लंगडी, आशिया खंड. लोक हसायचे आणि म्हणायचे, 'बिचारी गं तू.' मला बिचारी व्हायला आवडायचं. तू कधी भेटलीस तर काय बोलायचं हेही मी तयार ठेवलं होतं. चांगली चार मिनिटांची लांबी होती त्याला, आणि शेवटी 'तरीही मी तुला माफ केलं आहे' असं वाक्य होतं.

मग आम्ही मानपाडा रोडला राहायला आलो. पहिल्याच आठवड्यात मी कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रात रांगेत उभी राहिले. आतून आवाज आला, 'भेंडी संपली. गवार ने. तोंड कशाला वाकडं करतोस? बायकोला सांग, कुंदाताईंनी दिलीय.' तो आवाज ऐकून माझा हात आपोआप वेणीकडे गेला. वेणी तर मी कधीच कापली होती.

तू मला बघितलंस. लाटणं तसंच हातात ठेवून तू ओरडलीस, 'अगं, मॉनिटर!'

आणि मी काही बोलायच्या आत रांगेतल्या सगळ्यांना उद्देशून तू म्हणालीस, 'ही बघा. हिने माझं आयुष्य बरबाद केलं.'

माझी चार मिनिटं तिथेच विरली. मी माफ करायला आलेले आणि इथे माझ्यावरच खटला उभा राहिला. तू काउंटरवर दोन्ही हात टेकून लोकांना सांगू लागलीस. ठाण्याला खो-खोचे सामने होते. बाईंनी सांगितलेलं की त्या आठवड्यात ज्या मुलीचं नाव फळ्यावर येईल ती संघात नसेल. तू वर्गातली सगळ्यात चपळ पळणारी. डोंबिवलीबाहेर तू तोपर्यंत पाऊलही टाकलं नव्हतंस. म्हणून तू तो आख्खा आठवडा गप्प राहिलीस. कशी, तर बाई बाहेर गेल्या की तोंडात पाण्याचा घोट धरून बसायचं. तुझ्या आईने ती युक्ती सांगितलेली.

'आणि शुक्रवारी शेवटच्या तासाला हिने माझं नाव लिहिलं! पाच फुल्या! तोंडात पाणी होतं माझ्या! बोलणार कशी मी?'

मी म्हटलं, 'तू बोललीस म्हणूनच लिहिलं. मी कधी कुणाचं खोटं नाव लिहिलेलं नाही.'

'लिहिलंस.'

'नाही लिहिलं.'

झालं. चौदा वर्षं पुरलं ते आपल्याला.

तुझ्या रांगेत रोज एक काका असायचे, कोर्टात शिरस्तेदार होते. त्यांनी हे प्रकरण मनावर घेतलं. त्यांनी तुला विचारलं, 'पाण्याचा पुरावा काय?' तू म्हणालीस, 'पुरावा गिळला ना मी.' ते म्हणाले, 'साक्षीदार?' तू माझ्याकडे बोट दाखवून म्हणालीस, 'हीच. पण ही खोटारडी आहे.' काकांनी दोन दिवस विचार करून, मटकीची उसळ घेता घेता, निकाल दिला: पुराव्याअभावी मॉनिटर निर्दोष. तू त्यांना त्या दिवशी उसळीत एकही मटकी न घालता नुसता रस्सा दिलास. दुसऱ्या दिवसापासून काका निकालाबद्दल गप्प झाले, पण त्यांनी तो फिरवलाही नाही.

मधुकररावांचं मात्र कौतुक करायला हवं. तुझ्याशी संसार करूनही तो माणूस शांत. मागे बसून पोळ्या कागदात गुंडाळत राहायचे. तू त्यांना ओढायला बघायचीस, 'अहो, तुम्ही सांगा ना हिला!' ते मान वर न करता म्हणायचे, 'मला तुमच्या शाळेत ओढू नका.' आणि पुढची पोळी गुंडाळायचे.

ग्रुपचं गेट-टुगेदर झालं ते आठवतं? शहाडला, नदीजवळच्या त्या हॉलवर. सगळ्या बायकांनी मोरपंखी साड्या नेसायच्या असं ठरलेलं आणि तू लालभडक नेसून आलीस, वर म्हणालीस की मोरपंखी मला शोभत नाही, तुम्हालाही शोभत नाहीये. लेले बाईंना विठ्ठलवाडीहून त्यांच्या मुलाने गाडीतून आणलेलं. ऐंशी पार केलेल्या, पण काठीशिवाय चालत होत्या. तुला धीर कुठला. सत्कार, शाल, नारळ व्हायच्या आत तू त्यांच्यापुढे जाऊन बसलीस.

'बाई, तुम्हीच सांगा. सातवी ब. ठाण्याचा खो-खो. मी बोलत होते का?'

बाईंनी तुला नीट न्याहाळलं. मग मला न्याहाळलं. मग माझ्या गालावर हात ठेवून म्हणाल्या, 'ही बडबडी होती. हिचं तोंड कधी मिटायचं नाही. आणि तू गं, तू मॉनिटर ना? फार गुणी मुलगी. अक्षर काय सुंदर!'

तू उभी राहून टाळ्या वाजवल्यास. मी बाईंना समजवायला गेले तर त्या म्हणाल्या, 'बघ, अजून बोलतेच आहे.' त्यानंतर महिनाभर तू दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलंस की वरच्या कोर्टात केस जिंकली. शिरस्तेदार काकांनी खालच्या आवाजात मला एवढंच सांगितलं की साक्षीदाराला आरोपीची ओळखच पटलेली नसल्याने ते ग्राह्य धरता येणार नाही.

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तू चाळीस दिवस डबा पाठवलास. मी सांगितलं नव्हतं, विचारलंही नव्हतंस. पहिल्या दिवशी डब्याबरोबर चिठ्ठी: 'भात उरला तर येऊन भरवीन.' मी घाबरून सगळा खाल्ला. डब्यात रोज एका कोपऱ्यात लिंबाच्या लोणच्याची एक फोड असायची. त्याबद्दल तू कधी एक अक्षर काढलं नाहीस आणि मीही नाही. तुझ्या तोंडून 'सॉरी' हा शब्द निघणं शक्य नव्हतं हे मला ठाऊक होतं. चाळीस फोडी मी मुकाट्याने खाल्ल्या. एकेचाळिसाव्या दिवशी काठी टेकत तुझ्या दुकानात आले, तर तू म्हणालीस, 'चालायला लागलीस? बरं झालं. आता सांग, का लिहिलंस नाव?'

तेव्हा सांगायला हवं होतं, कुंदे. मी काय म्हणाले? 'तू बोललीस म्हणून.'

आता ऐक. आज इथे कुणी रांगेत नाही.

तो आठवडाभर तू ज्या पाण्याचा घोट धरायचीस ते माझ्या वॉटरबॅगमधलं होतं. तुझ्याकडे वॉटरबॅग नव्हती. बाई बाहेर पडल्या की तू हात लांब करायचीस, माझ्या वॉटरबॅगचं झाकण उघडायचीस, घोट भरायचीस आणि गाल फुगवून समोर बघत बसायचीस. हे मी सोमवारपासून बघत होते. का करतेस ते मला बुधवारी कळलं. चार दिवस तुझं नाव फळ्यावर नव्हतं आणि फळ्याचा तो कोपरा मला ओसाड वाटायला लागलेला. पण गुरुवारी शाळा सुटल्यावर, वर्गाबाहेर नियम नाही म्हणून, तू बांधावरची खाजखुजली माझ्या कॉलरीत टाकलीस. मी ती संध्याकाळ न्हाणीघरात काढली. आई अंगाला खोबरेल चोळत होती आणि मी शपथ घेत होते.

शुक्रवारी बाई संघाची यादी घेऊन स्टाफरूममध्ये गेल्या. तू घोट भरलास. मी फळ्याशी गेले, चौकट आखली आणि लिहिलं, 'कुंदा शेलार'. वर्गात इतकी शांतता होती की खडूचा आवाज ऐकू येत होता. मग एक फुली. तू ती बघितलीस. तुझे गाल तसेच फुगलेले होते. दुसरी फुली. तिसरी. तू मान हलवून 'नाही, नाही' म्हणत होतीस, तोंड न उघडता. तुझे डोळे भरले होते. पाणी थुंकायला जागा नव्हती आणि बोललीस तर माझं लिहिलेलं खरं ठरणार होतं. पाचव्या फुलीला तू घोट गिळलास. तो गिळलेला मी पाहिला. तुझा गळा हललेला मला अजून दिसतो.

बाई आल्या, फळा बघितला, म्हणाल्या, 'शेवटी तू ती तूच,' आणि तुझ्या नावावर काट मारून शुभाचं नाव घातलं. तू गप्पच. आता तोंडात पाणी नव्हतं तरी. तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार होतं?

शुभाच्या चपलेत शेण का गेलं ते मला माहीत आहे. पण ते माझ्या चपलेत का गेलं नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

ठाण्याला प्रथमोपचाराची पेटी धरायला बाईंनी कुणाला नेलं, तर मला. आपला संघ पहिल्याच सामन्यात हरला. मी पेटी मांडीवर घेऊन बटाटेवडा खाल्ला. सोमवारी तू बाकावर माझ्या शेजारी येऊन बसलीस. मी वेणी पुढे ओढून घेतली. तू एवढंच विचारलंस, 'मैदान केवढं होतं गं?'

मी म्हटलं, 'मोठं होतं.'

त्यानंतर तू माझ्या वाटेला गेली नाहीस. लोणच्याची फोडही डब्यात शाबूत राहायला लागली. मी घरी सांगितलं की मी तिला सरळ केली.

मी तुला हे का सांगितलं नाही याचं उत्तर मी गेले काही दिवस शोधतेय. भीती? तू फार तर लाटणं घेऊन काउंटरवरून उडी मारली असतीस, तीही आता मारवली नसती तुला. खरं असं आहे की आयुष्यभर मी ज्या गोष्टी सांगत आले त्यात मी बिचारी होते. ही एक गोष्ट सांगितली असती तर बाकी सगळ्या गोष्टींची मजा गेली असती. आणि दुसरंही एक. मी 'हो, खोटं लिहिलं' म्हटलं असतं तर आपलं भांडण संपलं असतं. मग मी रोज तुझ्या दुकानात काय म्हणून आले असते? घरात दोनच माणसं, पोळ्या मला लाटता येतात. हे दुसरं कारण जरा बरं दिसतं म्हणून मी ते शोधून काढलं असेल, तू म्हणशील. म्हण.

तर परवा तुझी शोकसभा झाली. पाठारेने तुझ्या सोसायटीचा हॉल घेतला आणि गणपती मंडळाचा माईक आणला. माईक मध्येच शिट्टी मारायचा, तेवढ्यापुरतं वाटायचं की तू कुठेतरी आहेस. तुझा फोटो टेबलावर होता, गेट-टुगेदरचाच, लालभडक साडीतला. पाठारेने आधी दोन मिनिटं मौन पाळायला लावलं. मी डोळे मिटले आणि मला तुझे फुगलेले गालच दिसायला लागले. दोन मिनिटं मला फार लांब वाटली.

मग लोक बोलले. तू मृदुभाषी होतीस. तू मितभाषीही होतीस. शुभा म्हणाली की तू शाळेत असताना तिला बहिणीसारखं सांभाळलंस. शिरस्तेदार काका पहिल्या रांगेत बसून प्रत्येक विधानाला मान डावीकडून उजवीकडे हलवत होते. मधुकरराव कोपऱ्यात खुर्चीवर. नऊ दिवसांत ते रडले नव्हते, तुझी सून मला दारातच म्हणाली. 'बाबा नुसते बसून असतात हो काकू. कागद घेतात, घडी घालतात, ठेवतात.'

पाठारे माझ्याकडे वळला. 'आता कुंदाची जिवलग मैत्रीण, जिच्याशी तिचं आयुष्यात कधीही भांडण झालं नाही...'

मी माईक घेतला. मी लिहून नेलं होतं, कुंदे. चांगलं दीड पान होतं, त्यात 'अन्नपूर्णा' हा शब्द दोनदा होता. पण माईक हातात आल्यावर मी म्हटलं, 'कुंदा मृदुभाषी नव्हती. तिने माझी वेणी बाकाला बांधली होती.' मागून कुणीतरी हसलं आणि खोकला आल्यासारखं केलं. मी पुढे सगळं सांगितलं. लोणचं, लंगडी, कपाट. मग वॉटरबॅग, चौकट, पाच फुल्या. आणि म्हटलं, 'ती बोलत नव्हती. तिच्या तोंडात पाणी होतं आणि ते मला माहीत होतं. मी खोटं नाव लिहिलं. चौदा वर्षं तिच्या तोंडावर मी नाही म्हणत राहिले, तेही खोटं.'

मग मागून घाडगे म्हणाला, 'अगं, मुलांच्या यादीत नाव तर माझंही लिहायचे खोटं.' दुसरीकडून आवाज आला, 'तू गप रे, तू बोलायचासच.' 'मी कधी?' 'आणि माझी कंपासपेटी कुणी नेलेली?' 'ती तर तूच मला दिलेलीस!' बघता बघता बाई वर्गाबाहेर गेल्यासारखा आवाज झाला. पन्नाशी-साठीची माणसं खुर्च्यांवर वळून वळून एकमेकांना बोटं दाखवत होती. पाठारे माईक मागत माझ्याभोवती फिरत होता आणि म्हणत होता, 'अरे प्रसंग काय, तुम्ही बोलताय काय!' माझ्या सभेचा विचका केलास, असं त्याने घरी जाताना मला ऐकवलं. काकांनी हात वर केला आणि उभे राहून म्हणाले, 'निकाल फिरवावा लागेल.'

तेवढ्यात मधुकरराव उठले. सगळे गप्प झाले. ते हळूहळू माझ्यापर्यंत आले. मला वाटलं, हे आता मला जा म्हणणार, आणि त्यांचं बरोबरच असेल.

'म्हणजे ती खरंच बोलत नव्हती?' त्यांनी विचारलं.

'नव्हती.'

'पाणी होतं तोंडात?'

'होतं. माझंच होतं.'

ते म्हणाले, 'लग्न झाल्यापासून सांगत होती. पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं. मला वाटायचं, हिची बडबड बघता हिने तेव्हाही तोंड उघडलं असणारच. पाणीबिणी सगळं मागाहून रचलेलं. म्हणून मी मध्ये पडायचो नाही.' ते टेबलाकडे वळले. तुझ्या फोटोवरचा हार त्यांनी जरा बाजूला केला, साडी नीट दिसावी म्हणून. 'चुकलं गं माझं,' ते म्हणाले, आणि नऊ दिवसांनी ते रडायला लागले. तुझी सून धावत आली. मी माईक हातात धरून तिथेच उभी होते.

कुंदे, मला वाटलं होतं, तू फक्त माझ्याशी भांडतेयस. तुझं एवढंसं म्हणणं होतं आणि ते घरीदारी एकानेही खरं मानलं नव्हतं. मी एक शब्द बोलले असते तर चौदा वर्षांपूर्वीच मानलं असतं.

खरं सांगितलं की हलकं वाटतं म्हणतात. मला नाही वाटलं. मला हे तुझ्या काउंटरपाशी सांगायचं होतं, आठ-दहा गिऱ्हाईकांच्या देखत. तू लाटणं आपटून 'ऐकलंत का?' म्हणून मधुकररावांकडे वळली असतीस. तेव्हाचा तुझा चेहरा मला बघायचा होता.